सहा स्क्रूंचा ट्रेमोलो ब्रिज तरंगता ठेवायचा आहे: कामाचा क्रम काय?

मंद्रसप्तक

गिटार स्ट्रॅटोकास्टर धाटणीची आहे. जुन्या पद्धतीचा सहा स्क्रूंचा ट्रेमोलो ब्रिज, मागे तीन स्प्रिंगा. तारांचा ९-४२ चा संच (पहिली तार ०.००९ इंच, सहावी ०.०४२ इंच जाड) काढून १०-४६ लावला आहे. आता ब्रिजची मागची कड बॉडीपासून जवळजवळ ६ मिमी वर आली आहे आणि तारा फ्रेटपासून फारच उंच गेल्या आहेत. बार (ब्रिजला लावलेली दांडी) खाली दाबून सोडला की तिसरी तार, म्हणजे जी (G), चढी परत येते, बाकीच्या बऱ्यापैकी जागेवर येतात.

ब्रिज बॉडीला टेकवून बंद करायचा नाही. बार वर ओढून सूर चढवताही आला पाहिजे. सुरुवात कुठून करू? सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) खाली घेऊ का?

पाव_आटा

सॅडलना आत्ता अजिबात हात लावू नका. तारा उंच झाल्या त्या ब्रिज पुढे कलल्यामुळे. आता सॅडल खाली घेतलेत आणि नंतर ब्रिज जागेवर आणलात, तर तारा फ्रेटवर जाऊन बसतील आणि सगळं काम पुन्हा करावं लागेल.

या ब्रिजचं काम तराजूसारखं आहे. वरून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात आणि दोघांची ओढ जिथे सारखी होते तिथे ब्रिज थांबतो. साडेपंचवीस इंच लांबीच्या गिटारवर नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ९-४२ संचाची एकूण ओढ सुमारे ३८ किलो असते, १०-४६ ची सुमारे ४७ किलो. तारांच्या बाजूला ८-९ किलो वाढले आणि स्प्रिंगा होत्या तेवढ्याच राहिल्या, म्हणून मागची कड वर आली.

क्रम असा ठेवा: आधी ब्रिजचे सहा स्क्रू, मग स्प्रिंगांचा तोल, मग नेकचा रिलीफ (मानेचा किंचित बाक), मग सॅडलची उंची, मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं) आणि शेवटी पिकअप. जी तारेचं दुखणं बहुतेक नटमध्ये (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) आहे, ते वेगळं पाहू.

तोल साधायला हवेत चार जुने एटीएम कार्ड. ज्यांवर आकडे उठावाचे नाहीत असे सपाट घ्या. एका कार्डाची जाडी ०.७६ मिमी, म्हणजे चारांची ३ मिमीच्या किंचित वर. फेंडर कंपनी या ब्रिजसाठी मागच्या कडेला ३.२ मिमी फट सांगते, त्याच्या अगदी जवळ.

तारा सैल करा, मागचं झाकण काढा, चारही कार्डं ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवा. आता क्लॉचे (स्प्रिंगा जिला अडकवतात ती धातूची पट्टी) दोन्ही लांब स्क्रू दोन-तीन आटे आत घ्या, दोन्ही सारखे. हेतू असा की तारा सुरात आल्यावरही स्प्रिंगांची ओढ जास्त असावी आणि ब्रिजने कार्डं घट्ट दाबून धरावीत. मग तारा सुरात लावा. ब्रिज हलत नसल्यामुळे एक तार चढवताना दुसरी उतरणार नाही. प्रत्येक तार बोटांनी वर ओढून ताणा, पुन्हा सुरात आणा, सूर उतरायचा थांबेपर्यंत हे करत राहा.

यानंतर क्लॉचे स्क्रू आळीपाळीने पाव-पाव आटा सैल करत जा. एक क्षण असा येतो की कार्डं हलक्या हाताने ओढली तरी सुटतात. तिथे थांबा, कार्डं काढा आणि ट्यूनर पाहा. सहाही तारा थोड्या उतरल्या असतील तर स्प्रिंगा कमी पडतात, क्लॉ अष्टमांश आटा आत घ्या. सहाही चढल्या असतील तर तेवढाच सैल करा. या टप्प्यावर तारा सुरात लावायच्या चाव्यांना हात लावायचा नाही. तारा आत्ताच सुरात लागलेल्या आहेत, जो फरक दिसतो आहे तो स्प्रिंगांचा आहे. इथे चाव्या फिरवल्या की ब्रिजची उंची हातची जाते आणि माणूस तासभर गोल गोल फिरत राहतो.

कोकणवारा

+१, पण त्याआधी सहा स्क्रूंबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. तिथे चूक राहिली तर वरचा सगळा तोल फुकट जातो.

सहाही स्क्रू घट्ट आवळलेले असतील तर ब्रिजची प्लेट कलताना त्यांच्या डोक्यांना अडकते. बार सोडल्यावर ब्रिज दर वेळी वेगळ्या जागी येऊन थांबतो आणि सगळ्या तारा एकाच दिशेने बिघडतात. तारा सैल करून प्लेट बॉडीला सपाट टेकू द्या. सहाही स्क्रूंची डोकी प्लेटला जेमतेम लागतील इतके ते आत घ्या. मग टोकाचे दोन अर्धा आटा बाहेर आणि मधले चार पूर्ण एक आटा बाहेर. आता कलण्याचं काम टोकाच्या दोन स्क्रूंवर राहतं, मधले फक्त प्लेट जागेवर ठेवतात. काही जण मधले चार काढूनच टाकतात. चालतं, पण काढून विशेष फायदा होत नाही आणि टोकाच्या दोन भोकांवर सगळा भार येतो. मऊ लाकडाच्या बॉडीत मी ते करणार नाही.

स्क्रू फिरवताना तारा ताणलेल्या नकोत. भोकात आटा घट्ट लागत असेल तर स्क्रू पूर्ण काढून त्यावर मेणबत्तीचं मेण चोळा. जोर लावला तर डोकं तुटतं, आणि बॉडीत तुटलेला स्क्रू काढणं फार कटकटीचं काम आहे.

क्लॉला एक वायर डाग देऊन जोडलेली असते, तारांचं अर्थिंग. क्लॉ पुढे-मागे करताना ती ताणली जाते. काम झाल्यावर ॲम्पमध्ये गुणगुण वाढली आणि तारांना हात लावूनही ती कमी होत नसेल, तर पहिल्यांदा तो डाग पाहा.

निषाद

जी तारेच्या निदानासाठी एक सोपी चाचणी.

सहाही तारा एकदम बिघडत असतील तर दोष ब्रिजकडे: स्क्रू, कलण्याची कड, स्प्रिंगा. एखादीच तार बिघडत असेल तर दोष त्या तारेच्या वाटेवर: सॅडल, नट, स्ट्रिंग ट्री (नट आणि चाव्यांच्या मध्ये तार खाली धरणारा आकडा) किंवा चावीवरचे वेढे.

आता दिशा पाहा. बार दाबला की नट आणि ब्रिज यांच्यातली तार सैल पडते. नटच्या पलीकडे, चावीच्या बाजूला ओढ अजून जास्त असते, म्हणून तार थोडीशी नटमधून चावीकडे सरकते. बार सोडल्यावर तिने परत यायला हवं. नटच्या खाचेत ती अडकली तर वाजणाऱ्या भागात तार कमी उरते आणि सूर चढा येतो. बोटाने तार ताणली किंवा बार वर ओढला तर उलटं घडतं, तार चावीकडून अलीकडे येते आणि परत न गेल्यामुळे सूर उतरतो. तुमची फक्त तिसरी तार (जी) बार दाबून सोडल्यावर चढी येते, बाकीच्या पाच ठीक आहेत. म्हणजे नट. खात्री करायची तर नट आणि चावी यांच्यामधल्या भागात तार बोटाने खाली दाबा आणि सोडा. टिक्‌ असा आवाज येऊन सूर हलला तर शंका उरत नाही.

तुमच्या बाबतीत कारणही दिसतं. जुन्या संचातली जी १६ ची होती, आता १७ ची आहे, म्हणजे ०.४१ ऐवजी ०.४३ मिमी. सहावी तर १.०७ वरून १.१७ मिमी झाली. ९ च्या मापाने कापलेल्या खाचेत १० चा संच घट्ट बसणारच. जी आधी ओरडते कारण ती सगळ्यांत जाड साधी तार आहे. लांबीतल्या तेवढ्याच फरकाने तिचा सूर इतर साध्या तारांपेक्षा जास्त हलतो.

मंद्रसप्तक

चाचणी केली, टिक्‌ आवाज येतो. सहा स्क्रू आणि कार्डांचं कामही झालं. मागची फट ३ मिमी. मात्र तीन स्प्रिंगांवर क्लॉ जवळजवळ लाकडाला टेकला आहे. आणि नटची खाच रुंद करायला कानस नाही, काय वापरू?

पाव_आटा

क्लॉ टेकायला आला असेल तर चौथी स्प्रिंग लावा. स्प्रिंगा फार ताणल्या की बार जड लागतो आणि पुढे तारा बदलल्या तर फिरवायला जागा उरत नाही. चौथी लावल्यावर क्लॉ बराच बाहेर घ्यावा लागेल, कार्डं पुन्हा घालून तोच क्रम करा. एक मधला उपायही आहे: तीनच स्प्रिंगा ठेवून टोकाच्या दोन क्लॉच्या मधल्या आकड्यांकडे तिरक्या लावायच्या. तिरकी स्प्रिंग जास्त ताणली जाते, म्हणून ओढ थोडी वाढते. १०-४६ ला कित्येकदा एवढं पुरतं. आधी हे करून पाहा.

स्प्रिंगा वाजवल्यानंतर घुमत असतील तर आत स्पंजचा बारीक तुकडा खुपसा. तोलावर परिणाम होत नाही.

निषाद

खाचेसाठी: जुन्या संचातली तार घ्या, तिच्याभोवती १००० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक पट्टी गुंडाळा आणि खाचेतून मागे-पुढे करा. जीसाठी जीपेक्षा पातळ तार घ्या, म्हणजे कागदासह माप बरोबर येईल. खाच तारेपेक्षा जेमतेम ०.०५ मिमी रुंद हवी. रुंद करायची, खोल नाही. तळाला न घासता दोन्ही भिंतींना घासा, आणि हात चावीच्या बाजूला किंचित खाली ठेवा, म्हणजे तारेचा टेकू नटच्या फ्रेटकडच्या कडेवरच राहील. टेकू मागे गेला तर मोकळी तार सतारीच्या जवारीसारखी झणझणते.

खोली तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट पाहा. अगदी केसाएवढी, पण दिसली पाहिजे. दिसत नसेल तर खाच आधीच खोल आहे, तिथे आणखी घासू नका.

मग मऊ पेन्सिलीचं शिसं, ६बी किंवा ८बी, खाचेत भरा. त्याची पूड पेट्रोलियम जेलीत कालवून टाचणीच्या टोकाने लावली तर जास्त दिवस टिकते. स्ट्रिंग ट्रीच्या खाली आणि सॅडलवरही तेच. चावीवर साध्या तारांना दोन-तीन वेढे पुरेत, प्रत्येक वेढा आधीच्या खाली. पाच-सहा वेढे एकमेकांवर चढले असतील तर बार वापरताना तेच आवळतात आणि सैल होतात.

सहा_तारा

क्लॉबद्दल एक मुद्दा. क्लॉ सरळ न ठेवता खर्जाच्या बाजूने थोडा जास्त आत घ्यावा असं अनेक जण सांगतात. अमेरिकन वादक कार्ल व्हरहेयन यांची मांडणी प्रसिद्ध आहे: बार पूर्ण वर ओढला की जी तार दीड स्वर, बी एक स्वर आणि पातळ ई अर्धा स्वर चढते. त्यासाठी ते क्लॉ तिरका ठेवतात. जाड तारांची ओढ जास्त, म्हणून त्या बाजूला स्प्रिंग जास्त ताणलेली हवी.

पाव_आटा

जी-बी-ई चं ते माप छानच आहे, मीही फट तपासायला तेच कानाने पाहतो. ३.२ मिमीच्या आसपासच्या फटीत ते जुळतं. पण क्लॉच्या तिरकेपणाचं कारण मला पटत नाही. ब्लॉक (प्लेटखालचा ठोकळा, ज्याला स्प्रिंगा अडकतात) अखंड धातूचा आहे आणि प्लेट एकाच अक्षावर कलते. डावी स्प्रिंग जास्त ताणा की उजवी, ब्लॉकला पोचते ती एकूण ओढ. त्या बाजूची तार वेगळी सांभाळली जाईल असं होत नाही. जी-बी-ई मधला फरकही तारांच्या जाडीतून येतो, स्प्रिंगांतून नाही.

शिवाय १०-४६ मध्ये खर्जाच्या तारांची ओढ वाटते तितकी जास्त नसते. सहावी जवळपास ८ किलो, पहिली साधारण साडेसात. सगळ्यांत जास्त ओढ पाचवीची.

सहा_तारा

एकूण ओढीचा मुद्दा बरोबर आहे. तरी क्लॉ तिरका असलेल्या गिटारी मी पाहतो त्यात प्लेट एका बाजूला घसरत नाही, म्हणजे नुकसानही नाही. ज्यांना बारचा स्पर्श तसा आवडतो त्यांनी ठेवावा. नवीन माणसाने मात्र सरळच ठेवावा, मोजायला सोपा पडतो.

कोकणवारा

आता पुढची मापं, म्हणजे मंद्रसप्तक यांना एका जागी सापडतील. ही ९.५ ते १२ इंच रेडियसच्या (गोलाईची त्रिज्या) फ्रेटबोर्डसाठी.

*रिलीफ.* गिटार सुरात असताना पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला जिथे मिळते तिथे सहावी तार दाबा आणि आठव्या फ्रेटवर तारेखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. ०.२५ मिमी हवं. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतला धातूचा दांडा) घड्याळाच्या दिशेने, एका वेळी अष्टमांश ते पाव आटा. मग पुन्हा सूर लावून पुन्हा मोजा. पाना नीट बसत नसेल तर फिरवू नका, रॉडचं तोंड गोल झालं की मोठा खर्च आहे. फीलर गेज मोटारींच्या सुट्या भागांच्या किंवा हत्यारांच्या दुकानात मिळतं. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी.

*तारांची उंची.* सतराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत १.६ मिमी, दोन्ही टोकांना. मधल्या तारांची सॅडलं फ्रेटबोर्डच्या गोलाईप्रमाणे. सॅडलच्या दोन्ही बारीक स्क्रूंची उंची सारखी ठेवा, सॅडल तिरकं झालं तर तार बाजूला घसरते. ॲलन की अमेरिकन मापाची, ०.०५० इंची असते किंवा १.५ मिमीची, आणि पहिली दुसरीच्या स्क्रूतही जवळजवळ बसते. त्या 'जवळजवळ'मुळेच स्क्रूची तोंडं खराब होतात. दोन्ही जवळ ठेवा आणि घट्ट बसेल तीच वापरा.

*इंटोनेशन.* नवीन तारांवरच. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर त्याच जागेच्या हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. सॅडल हलवल्यावर सहाही तारा पुन्हा सुरात आणून मगच पुढचं माप. दाबताना वाजवताना दाबता तितकाच जोर लावा, उंच फ्रेटवर जास्त दाबलं की सूर चढतो आणि सॅडल उगाच मागे जातं. साधी जी असेल तर सॅडलं दोन तिरक्या रांगांत दिसतील: ई, बी, जी क्रमाने मागे जाणारी, मग डी पुन्हा पुढे, आणि ए, ई पुन्हा मागे. असं दिसलं म्हणजे काम बरोबर दिशेने आहे.

*पिकअप.* शेवटच्या फ्रेटवर तार दाबून चुंबकापासून खर्जाकडे २.४ मिमी, पातळ बाजूला २ मिमी. हे जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइल (एका वेटोळ्याच्या) पिकअपसाठी. जवळ आणली की चुंबक तारेला ओढतात आणि वरच्या फ्रेटवर जाड तारांचा एकच सूर दोन सुरांसारखा डगमगतो. अशा वेळी लोक इंटोनेशनला दोष देतात आणि सॅडल फिरवत बसतात.

मंद्रसप्तक

तिरक्या तीन स्प्रिंगांवर तोल बसला, क्लॉला जागा उरली. जी आता परत येते. दोन प्रश्न. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार बारवर घ्यायचा आहे, त्यासाठी फट वाढवू का? आणि कधी कधी गायकाच्या पट्टीसाठी सगळी गिटार अर्धा स्वर उतरवावी लागते.

निषाद

आंदोलनासाठी फट वाढवायची गरज नाही. ते अर्ध्या स्वराच्याही आतलं काम आहे, ३ मिमीत भरपूर जागा आहे. महत्त्वाचं आहे ते बारची ढिलाई काढणं. भोकात बार डुगडुगत असेल तर सुरुवातीची हालचाल वाया जाते आणि संथ आंदोलनात खाच पडते. बारच्या आट्यांवर नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन पट्टी दीड-दोन वेढे गुंडाळा. गंधार जरा वरच्या जागी दाबून बार खाली-वर करण्यापेक्षा ऋषभावर दाबून बार वर ओढत गंधाराला पोचलात, तर स्वर जास्त भरीव येतो, कारण तार सैल पडत नाही.

पाव_आटा

अर्धा स्वर उतरवला की ओढ सुमारे ११ टक्के कमी होते. स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागे बसतो आणि तोल बदलतो. तरंगत्या ब्रिजवर हे मधल्या मध्ये चालत नाही. दोनच रस्ते: कायम अर्धा स्वर खाली ठेवून तोल तिथेच साधा आणि मूळ पट्टीसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, किंवा पट्टी बदलायच्या कार्यक्रमाला ब्रिज टेकवलेली दुसरी गिटार घ्या. नुसती सहावी तार डीला उतरवली तरी बाकी पाच चढतात, हे त्याच कारणाने.

सहा_तारा

इथेच माझा सल्ला वेगळा आहे. ज्यांना सतत पट्टी बदलायची आहे, दोन तारा एकत्र धरून एकच ताणायची सवय आहे, किंवा कार्यक्रमात तार तुटण्याची भीती आहे, त्यांनी ब्रिज टेकवावा. तरंगत्या ब्रिजवर एक तार ताणली की दुसरी उतरते, आणि एक तुटली की उरलेल्या पाचही चढतात. ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन पाच स्प्रिंगा लावून वर ब्लॉकमागे लाकडाचा ठोकळा बसवतात. त्यांच्याच देशातले गिटारवादक जेफ बेक यांचं वादन मात्र तरंगत्या ब्रिजशिवाय उभंच राहिलं नसतं. मंद्रसप्तक यांना आंदोलन हवं असेल तर तरंगताच ठेवा आणि पट्टीचं कॅपोवर सोडा.

कोकणवारा

दोन स्क्रूंच्या ब्रिजवाल्यांसाठी, कारण धागा तेही वाचतील. फेंडरने तो १९८७ च्या अमेरिकन स्टँडर्ड मॉडेलवर आणला. तिथे मागची फट कमी, २.४ मिमीपेक्षा जास्त नको. तारा ताणलेल्या असताना ते दोन खांब फिरवू नका. प्लेटची धारदार कड खांबाच्या खाचेत दाबून बसलेली असते, फिरवलं की ती कड बोथट होते आणि मग ब्रिज कधीच एका जागी परत येत नाही. फ्लॉइड रोझला (तारा दोन्ही टोकांना आवळून धरणारा तरंगता ब्रिज) हेच दुपटीने लागू. त्यात प्लेट बॉडीला समांतर ठेवायची आणि नट लॉक करण्याआधी बारीक ट्यूनर मध्यावर आणून ठेवायचे, म्हणजे नंतर दोन्हीकडे फिरवायला वाव राहतो.

मंद्रसप्तक

शेवटचं विचारतो. गिटार रत्नागिरीला जाणार आहे, जूनपासून चार महिने. काय सांभाळू?

कोकणवारा

गंज आधी. सॅडलचे बारीक स्क्रू खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात जाम होतात. जाण्याआधी प्रत्येकाला शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब टाचणीने द्या, जास्तीचं कापडाने टिपून घ्या. टोकाच्या दोन स्क्रूंना, प्लेट जिथे टेकते तिथे, तेलापेक्षा पेट्रोलियम जेली बरी, ओघळत नाही. फवाऱ्याचं गंजनाशक थेट ब्रिजवर मारू नका, ते पिकअपमध्ये आणि लाकडात उतरतं.

गिटार भिंतीवर न टांगता बंद केसमध्ये, आत सिलिका जेलची मोठी पुडी आणि छोटा आर्द्रतामापक. ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहिलं तर उत्तम, पुडी ओली झाली की तव्यावर मंद आचेवर कोरडी करून परत ठेवा. ठेवताना तारा सैल करू नका. सगळ्या तारा उतरवल्या की स्प्रिंगा ब्रिज मागे ओढून ठेवतात आणि तोल पुन्हा साधावा लागतो.

पोचल्यावर आठवडाभर काहीच फिरवू नका. मग आधी मागची फट मोजा, नंतर रिलीफ. फट तीच असेल आणि आठव्या फ्रेटवर ०.३५ च्या वर गेलं असेल तर ट्रस रॉड अष्टमांश आटा. फट बदलली असेल तर आधी क्लॉ. ऑक्टोबरात परत आलात की हेच पुन्हा मोजा, कारण तेव्हा नेक उलट दिशेला जाईल आणि पावसाळ्यात आवळलेला रॉड तितकाच सैल करावा लागेल.